अब्दीमोमुन अतांचा उडता दांडा

“गेली! वर गेली!” मांत्रिक अब्दीमोमुन अता ओरडले आणि नाट्यगृहातल्या दोनशे माणसांनी श्वास रोखला. रंगमंचावर कमरेइतक्या उंचीवर लटकणारा लोखंडी दांडा, कुणी हात न लावता, सरसर छतापर्यंत गेला आणि धाडकन आदळला. वरून धूळ कोसळली. बायांनी चेहऱ्यावरून हात फिरवून दुवा मागितली.

धुपाच्या धुरात भिंतीला टेकलेले अता डोळे मिटून म्हणाले, “नटी होती. अतृप्त मेलेली. तिनंच दिवा टाकला होता. अजून पाच दांडे आहेत. दर दांड्याला एक मेंढी लागेल. आणि मेंढी लठ्ठ हवी, नटीला हाडं चालत नाहीत.”

विंगेत उभ्या बुरुलचाच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं ती इथे दिवे टांगत होती. दोन महिन्यांपूर्वी एक दिवा निसटला आणि तिच्या सोबत काम करणाऱ्या सादिरचा खांदा मोडला. तो दिवा तिनंच टांगला होता. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. आता नटीनं टाकला म्हटल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

व्यवस्थापक तोक्तोसुन खुशीत होते. “नौरोजच्या सणाला तीस पोरी या दांड्यांखाली नाचणार. काळजीच मिटली!”

“मग मला कशाला बोलावलंत?” दारातून आवाज आला. मीरकान राजधानीतून, बिश्केकहून आली होती. रंगमंचावरचं टांगतं सामान बसवणं आणि ते शिकवणं हाच तिचा धंदा.

“येऊ नका म्हणून तुम्हाला कळवलं होतं ना!”

“निरोप पोचायच्या आत बस पोचली, बैके,” थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. तिनं छताकडे पाहिलं, मग बुरुलचाला थोरली बहीण म्हणून हाक मारली. “एजे, त्या दांड्यावरचे दिवे कुणी काढले?”

“मी. अता म्हणाले, शापित आहेत.”

“आणि भिंतीकडची वजनं?”

“तिकडे जायचंच नाही म्हणाले.”

मीरकाननं सगळ्यांना रंगमंचावरून उतरवलं. दोर, चाकं तपासली, मग भिंतीलगत खाली आलेल्या लोखंडी विटा एकेक करून काढल्या. एकच जास्तीची ठेवली. दोर ओढून दांडा खाली आणला आणि खटका लावला.

“हा तराजू आहे. एका बाजूला दिवे, दुसऱ्या बाजूला विटा. दिवे काढले, विटा तशाच. दोर या खटक्यानं धरला होता; तो सुटला की हलका दांडा वर. अता, तुमचं कोपर इथेच होतं ना?”

तिनं दोर हाताशी धरून खटका उघडला. दांडा सावकाश वर निघाला. तो पुन्हा खाली आणून तिनं शेवटची वीटही काढली.

“आता मंत्र म्हणा. पण मधोमध उभं राहून.”

अतांनी मंत्र म्हटला. मग मोठ्यानं म्हटला. दांडा ढिम्म.

“नटी रुसली,” अता पुटपुटले.

“का हो, मेंढी वाळकी वाटली?” मागून कुणी विचारलं. हशा पिकला. अतांनी टोपी उचलली आणि दाराची वाट धरली.

बुरुलचा हसली नाही. ती पुढे आली. “दिवा मी तारेनं बांधला होता. आधाराची साखळी लावली नव्हती. नटीचा काही संबंध नाही.”

पहिल्या रांगेतला सादिर थकल्या आवाजात म्हणाला, “ठाऊक होतं, एजे. व्यवस्थापकांकडे साखळ्या मागून मागून आपण दोघंही दमलो होतो.” तोक्तोसुन जमिनीकडे बघत राहिले.

पुढचे चार दिवस बुरुलचा सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा शिकली: टांगताना आधी दिवे, मग वजनं, उतरवताना आधी वजनं, मग दिवे, दर दिव्याला साखळी, आणि खाली माणूस नको. नौरोजला पोरी नाचल्या. सादिरचा हात मात्र खांद्याच्या वर गेला नाही. तो आता जाणारही नव्हता.

छतात नटी राहत नाही, बाबांनो. तिथं वजन असतं, आणि ते कुणीतरी बांधलेलं असतं. बांधता येत नसेल तर जाणत्याला विचारावं. विचारण्यात कसली लाज? एका माणसाचा खांदा गेल्यावर विचारलं, लाज त्याची वाटावी.