पुढचा उजवा, मागचा डावा

धान्याच्या जुन्या गोदामात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आलेला प्रत्येक जण सकाळचं दूध घेऊन आला होता. कुणाच्या हातात तांब्या, कुणाकडे सरबताची रिकामी बाटली, एकीनं तर थर्मास आणला होता. पुढे टेबलावर पांढरी बशी, हिरव्या पाण्याची कुपी आणि तिच्यामागे थेंबेबाबा.

"दूध बोलतं, बाळांनो!" बाबा म्हणाला. "फक्त ऐकणारा कान लागतो!"

मी दूध संकलन केंद्रावरचा कारकून. वीस वर्षं रोज चारशे लिटर दूध माझ्यासमोरून जातं. ते नासतं, सांडतं, कधीमधी पाणी पिऊन येतं. बोललेलं मात्र मी ऐकलं नाही. पण त्या दिवशी माझी ताई तांब्या घेऊन रांगेत उभी होती, म्हणून मीही गप्प उभा होतो.

रांग लावत होते आमचे भाऊजी. जन्मात कुठल्याही रांगेत पहिले न आलेले भाऊजी आता रांगेचेच मालक झाले होते. कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात शिटी, छातीवर 'प्रमुख सेवक' अशी चिठ्ठी. ताईला त्यांनी सर्वांत पुढे घेतलं. बायको म्हणून नव्हे हो. "घरापासून सुरुवात", असं त्यांनीच मोठ्यानं सांगितलं.

बाबानं ताईचं दूध बशीत ओतलं, वर हिरवे थेंब टाकले आणि बशी गोल फिरवली. बघता बघता दुधाचा बलक झाला. शेंबडासारखी तार बोटाला लोंबायला लागली. गोदामभर "अगं बाई!" उठलं.

"नजर!" बाबा ओरडला. मग त्यानं डोळे मिटले, कपाळाला बोट लावलं. "गाय तांबडी. चार सड. त्यातला एक रडतोय. पुढचा... उजवा!"

ताईचा चेहरा पांढरा पडला. "एकवीस दिवस त्या सडाला माझा लेप," बाबा म्हणाला. "आणि सुई नाही! सुई टोचलीत की माझी शक्ती त्या भोकातून निघून जाईल."

शक्तीला भोक पडतं हे मला नवीन होतं. बाहेर आल्यावर मी ताईला म्हटलं, "ताई, ते घट्ट होणं यात काही नाही गं. आमच्याकडच्या जांभळ्या औषधानंही असंच होतं."

"घट्ट होण्याचं सोड," ताई म्हणाली. "गाय दिसायला ठणठणीत आहे. सड सुजलेला नाही, दुधात गाठ नाही. मलाच ठाऊक नव्हतं, तर मी कुणाला सांगणार? मग त्याला सड कसा कळला?"

मी तडक केंद्रावर गेलो आणि कपाट उघडलं.  आतल्या रजिस्टरात, ताईच्या पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पु. उ. पुढचा उजवा.

ते रजिस्टर कसलं, ते सांगायला हवं. पशुवैद्यक महाविद्यालयातून एक डॉक्टर बाई आल्या होत्या. संशोधन होतं कासदाहावर, ज्याला आपण दगडी म्हणतो. हा आजार पुष्कळदा आतल्या आत असतो. बाहेर काही दिसत नाही. अशा सौम्य आजाराच्या गाईंपैकी किती आपोआप बऱ्या होतात आणि कुणाला खरंच औषध लागतं, हे त्यांना पाहायचं होतं. उगाच सगळ्यांनाच औषधं ठोकली की जंतू निर्ढावतात आणि औषधाचा अंश दुधात उतरतो तो वेगळाच.

म्हणून आम्ही गोठ्यागोठ्यात जाऊन प्रत्येक सडाचं दूध तपासलं. त्यासाठी चार वाट्यांची एक प्लॅस्टिकची थाळी असते, एका बाजूला दांडा. एकेका वाटीत एकेका सडाचं दूध, वर जांभळं औषध. जी वाटी घट्ट झाली, तो सड आजारी. कधी थाळी मीच धरायचो, आणि नोंद नेहमी मीच लिहायचो. तीन आठवडे मालकाला काही सांगायचं नाही, म्हणजे कुणी आपल्या गाईला मुद्दाम वेगळं वागवणार नाही; मग दुसरी फेरी. मधेच ताप किंवा सूज आली, तर मात्र लगेच उपचार.

न सांगण्याचा आनंद मला जरा जास्तच झाला होता, हे कबूल करतो. एरवीही कुणाचं दूध नापास झालं, तर मी चारचौघांत बोलत नाही. कुणाची लाज कशाला काढा? कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला. आणि तरीही बाबानं एका आठवड्यात अठरा गाईंचे अठरा सड बिनचूक सांगितले. म्हणजे माझ्या रजिस्टराबरहुकूम.

तीन आठवडे सरले. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि मी ताईच्या गल्लीत पोचलो, तर आठ दिवस मला सुईवरून परतवून लावणारी ताई आजही गोठ्याच्या दारात आडवी उभी.

"बघायचं तर बघा, डॉक्टर. पण सुई आत येणार नाही."

"ताई, गाय उभी राहत नाहीये," मी म्हटलं.

"आज एकविसावा दिवस आहे. आजचा एक दिवस काढला की झालं."

डॉक्टरांनी कासेला हात लावला आणि गाईनं पाय झाडला. अंगात ताप सणसणत होता. सड दगडासारखा झाला होता आणि धारेत पिवळं पाणी येत होतं.

"मागचा डावा," डॉक्टर म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत औषध गेलं नाही, तर सड सोडा, गायच राहायची नाही."

"मागचा डावा?" मी रजिस्टर उघडलं. "इथं तर पुढचा उजवा आहे."

डॉक्टरांनी पिशवीतून थाळी काढून माझ्या हातात दिली. "त्या दिवशी धरली होती तशी धरा."

मी धरली. दांडा शेपटीकडे.

"कारकूनसाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "दांडा गाईच्या तोंडाकडे हवा. तुम्ही थाळी उलटी धरलीत. उलट्या थाळीत पुढचा उजवा दिसतो, तो असतो मागचा डावा."

त्या दिवशी घाईत मी या गल्लीतल्या पाचही गाई तशाच तपासल्या होत्या. पाचही नोंदी उलट्या. आणि बाबानं त्या पाचही गाईंचे सड सांगितले होते, तेही उलटेच! अंतर्ज्ञानाला गाय दिसली असती, तर खरा सड दिसला असता. याला दिसली होती माझी चूक.

मला हसू आलं, पण लगेच विरलं. कारण रजिस्टर दुसऱ्या कुणी पाहायचं, तर पाहणार कधी? दहाच्या सुमारास मी मागे कॅन धुवायला जातो, तेवढाच वेळ ते टेबलावर उघडं असतं. आणि त्या वेळी समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत एकच माणूस बसलेला असतो. मला नाव माहीत नव्हतं असं नाही. मला ते घ्यायचं नव्हतं.

त्या दिवशीही ते आले. घरी गाय तापानं फणफणतेय आणि दहाच्या ठोक्याला भाऊजी वर्तमानपत्र घेऊन हजर.

"गाय कशी आहे, भाऊजी?"

"होईल रे बरी. बाबा आहेत."

मी त्यांच्यादेखत रजिस्टरात लिहिलं: पाण्याच्या टाकीवरचा वॉचमन, गाय काळी, मा. उ. "नवीन सभासद झालाय," असं पुटपुटलो आणि कॅन धुवायला गेलो. त्या दिवशी कॅन जरा जास्तच घासले. मनात म्हणत होतो, आपला अंदाज चुकू दे. माझे इतके हिशेब चुकतात, एक हाही चुकू दे.

दुपारी तीनला ताईला मी अक्षरशः हात धरून गोदामात आणलं. "एवढा एक तास दे. आज बाबा खरा ठरला, तर डॉक्टरला मीच घालवून देईन."

मी सांगून बोलावलेल्या वॉचमनची पाळी आली. त्यानं बाटली पुढे केली. थेंब पडले, बशी फिरली, दूध थोडं घट्ट झालं.

"अरेरे!" बाबानं डोळे मिटले. "काळी... काळी गाय दिसते मला. तिचा मागचा उजवा सड हंबरडा फोडतोय!"

वॉचमन डोकं खाजवायला लागला. "बाबा, काळी आहे हे खरं. पण माझ्याकडे शेळी आहे."

बाबानं एक डोळा उघडला.

"आणि तिला दोनच सड आहेत हो. मागचा कुठून आणू?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा सावरून म्हणाला, "मागच्या जन्मी ती गाय होती!"

"मग लेप मागच्या जन्मीच लावायला हवा होता!" थर्मासवाली बाई ओरडली आणि सगळं गोदाम खदखदलं.

माझ्यासोबत आलेल्या डॉक्टर पुढे आल्या. शेजारच्या चहावाल्याकडून त्यांनी भांडी घासायचा पातळ साबण मागवला, पाण्यात कालवला, आणि ताईच्या गाईचं सकाळी तपासणीला घेतलेलं दूध बशीत ओतून त्यावर टाकला. तोच बलक. तीच तार.

"आजारी सडाच्या दुधात पांढऱ्या पेशी खूप असतात," त्या म्हणाल्या. "जंतूंशी लढायला शरीर त्या पाठवतं. साबणानं त्या फुटतात, आतला चिकट भाग बाहेर येतो आणि दुधाला तार सुटते. शेळीच्या दुधात तशा पेशी एरवीही जास्त असतात. आमच्या तपासणीच्या औषधातही साबणासारखाच पदार्थ आहे. बाबांनी त्यात हिरवा रंग घातलाय."

"पण माझी गाय बरी झाली की!" एक जण म्हणाला.

मग मी रजिस्टर उघडलं. "बाबाकडे अठरा गाई आल्या. दुसऱ्या फेरीत त्यातल्या अकरा बऱ्या निघाल्या. बाबाकडे न गेलेल्या, तशाच सौम्य आजाराच्या गाई होत्या सतरा. त्यांना ना लेप, ना औषध. त्यातल्याही अकराच बऱ्या झाल्या. आता बाबाच्या वाट्याला काय उरतं, ते तुम्हीच सांगा. आणि ज्यांना खरंच औषध हवं होतं, त्यांना बाबानं सुईपासून लांब ठेवलं."

लोक बाबाकडे वळले, तोवर बाबा मागच्या दाराकडे वळला होता. कुपी मात्र टेबलावरच राहिली. पण ताईचं तिकडे लक्षच नव्हतं.

"गाईचा रंग, सड, सगळं त्याला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

मी खाली पाहिलं. भाऊजी गळ्यातली शिटी चाळवत होते. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि तिला उत्तर मिळालं.

"अगं, लोकांचा विश्वास बसावा म्हणून फक्त..." भाऊजी म्हणाले. "मला वाटलं, गाय बरी होणारच आहे. लोक मान द्यायला लागले होते. तुलाही बरं वाटत होतं ना?"

"सुई नको म्हणून मी भावाशी भांडले," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आठ दिवस ती गाय रात्रंदिवस कण्हतेय. मी तिच्या पायाशी बसून बाबाचं नाव घेत होते, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. एकदा तरी म्हणायचं होतंत, की हे खोटं आहे."

भाऊजींनी छातीवरची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. एवढंच त्यांना सुचलं.

ताई सरळ डॉक्टरांपुढे गेली. "चला. सुई द्या."

गाय वाचली. मागचा डावा सड गेला. तो आता कायमचा आटला. तीन सडांवर ताई धार काढते. भाऊजी त्याच घरात राहतात, पण ताई त्यांना काही विचारत नाही. भाजीला मीठ किती, हेसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, मी सुटलो. चार दिवसांनी ती दूध घालायला आली, तेव्हा म्हणाली, "त्यांनी मला फसवलं, ठीक आहे. तुझं काय? माझी गाय आजारी आहे हे तुला तीन आठवडे ठाऊक होतं."

"तसा नियम होता, ताई."

"नियम होता. म्हणून मला माझ्या गाईचं खरं कुणाकडून कळलं? एका लबाडाकडून. तेही उलटं."

डॉक्टरांना मी हे जसंच्या तसं कळवलं. त्यांनी नियम बदलला. आता ज्या दिवशी तपासणी, त्याच दिवशी मालकाला सड कोणता, आजार कसा आणि ताप आला तर काय करायचं, सगळं सांगतात. संशोधन त्यामुळे थोडं अवघड झालंय, असं त्या म्हणतात. होऊ दे.

बाबा दुसऱ्या गावी गेल्याचं कळलं. तिथंही कुणाचे तरी भाऊजी असतीलच.

म्हणून सांगतो. कुणी तुमच्या घरातली न सांगितलेली गोष्ट सांगितली, तर हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे याला कुणी सांगितलं? गुण आला असं वाटलं, तर दुसरा विचारा: काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? आणि औषध घेऊ नका असं जो सांगेल, त्याला तिसरा प्रश्न विचारत बसू नका. डॉक्टरला बोलवा. कारण आपण फसलो तर निदान ओरडू शकतो. गोठ्यातल्या गाईला तेवढंही येत नाही. तिच्या वतीनं शहाणपण आपल्यालाच करावं लागतं.