बोट ठेवून

"बोट काढ. ओळ काय पळून जाणार आहे, तिला धरून ठेवायला?"

तिसरीच्या वर्गात ऐकलेला हा आवाज. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पण अजूनही हातात कागद आला की तिचं उजवं बोट शब्दांखाली सरकू लागतं, कानात तो आवाज उमटतो आणि बोट चटका बसल्यासारखं मागे येतं. आवाज तिच्या वडिलांचा होता. शाळेत ते तिचे गुरुजी, घरी बाबा. आणि आता तेच बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, जाड कागदावर उठलेल्या टिंबांच्या ओळीवरून आपलं बोट फिरवत होते. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, त्याला दोन वर्षं झाली होती.

"एक आणि तीन. क," ते पुटपुटले. "पुढे एक, दोन, तीन. ल. कल... कलश."

"शेवटचं अक्षर चाचपलंत का?"

"चाचपायचं काय त्यात? कलशच असणार."

"कलम आहे, बाबा."

त्यांनी बोट पुन्हा त्या अक्षरावर नेलं. मग म्हणाले, "वाक्यात कलशसुद्धा शोभला असता."

ब्रेल लिपीचा, सहा टिंबांचा सगळा तक्ता त्यांनी दोन दिवसांत पाठ केला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हणून दाखवला असता. पण डोक्यात शिरलेलं बोटात उतरत नव्हतं. प्रत्येक अक्षराशी थांबायचं, टिंबं मोजायची, तक्ता आठवायचा, आणि एवढ्यात मागचं अक्षर विसरून जायचं. मग कंटाळून ते अंदाजाने उडी मारत. दर शनिवारी ते अंधांच्या केंद्रात जात; तिथे शिकवणाऱ्या बाई जन्मापासून अंध. त्या हसून म्हणायच्या, "मास्तर, तुमचं डोकं पुढे धावतंय आणि बोट मागे राहतंय. डोक्याला थोडे दिवस घरी ठेवून या."

केंद्राच्या वाचनालयाचा नियम साधा होता. बाराव्या धड्याचं पान वाचून दाखवायचं, मग पुस्तक घरी न्यायचं. दोन शनिवार ते जाऊन रिकाम्या हाताने परतले होते. तिने सुचवून पाहिलं, रेकॉर्ड केलेली पुस्तकं मिळतात, ऐका की.

"ते दुसऱ्याचं वाचन झालं," ते म्हणाले होते. "मला माझं हवंय."

ती कापडाच्या गिरणीत तपासणीला होती. टेबलावरून कापड सरकत जायचं, तिचा तळहात वरून फिरायचा, आणि धागा तुटला असेल तिथे थांबायचा. पहिल्या वर्षी ती कापडाच्या प्रत्येक वाराला मनात घोकायची. आडवा, उभा, गाठ. आडवा, उभा, गाठ. संध्याकाळी डोकं भणभणायचं. मग एकदा शेजारणीच्या सासूची गोष्ट ऐकता ऐकता हात मध्येच थांबला. कशावर थांबला हे तिला मागाहून कळलं. बोटांनी तिला न विचारताच गाठ शोधली होती.

हे तिने बाबांना सांगितलं होतं.

"आणि याला किती दिवस लागतात?"

"मला वर्ष लागलं."

"तू तेव्हा वीस वर्षांची होतीस. मी सत्त्याहत्तरचा आहे."

"म्हणून तर म्हणते, उड्या मारू नका. पडाल."

त्यावर ते हसले होते. पण नंतर चार दिवस त्यांनी धडा काढलाच नाही. फक्त सोमवारी तिला म्हणाले, "बाराव्या धड्याचं ते डोळसांसाठीचं छापील पान तू वाच. मी ऐकतो." तिने वाचलं, बोट मांडीवर दाबून ठेवून. "पुन्हा वाच," ते म्हणाले. मग आणखी एकदा.

शुक्रवारी संध्याकाळी ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. बाबांनी पान पुढे ओढलं आणि वाचू लागले. अडखळ नाही, मोजणी नाही. नदीकाठच्या माळ्याची ती गोष्ट वाहत्या पाण्यासारखी निघाली. तिला भरून आलं. चादर तशीच हातात धरून ती टेबलाजवळ आली.

मग तिने त्यांच्या बोटाकडे पाहिलं.

टिंबांची ओळ केव्हाच संपली होती. बोट कोऱ्या समासावरून सरकत होतं, आणि आवाज पुढे चालला होता.

हे ती ओळखत होती. तिसरीत तिनेही असंच केलं होतं. अक्षरं जुळायची नाहीत, म्हणून बाकावरच्या मैत्रिणीकडून धडा ऐकून ऐकून पाठ केला आणि गुरुजींसमोर खडाखडा वाचला. पान मात्र दोन ओळी आधी उलटलं गेलं. गुरुजींनी पुस्तकावर पंजा ठेवला. "हं, आता म्हण." ती घाबरून शेवटपर्यंत म्हणत गेली. वर्ग हसला. "पोपट आहे पोपट," गुरुजी म्हणाले. सातवीपर्यंत तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पुढे तिने कामही असं शोधलं, जिथे वाचावं लागणार नाही.

आता फक्त त्या पानावर पंजा ठेवायचा होता. तिचा हात उचललाही गेला.

त्या हाताने तिने बाबांचं मनगट धरलं, अलगद मागे आणलं आणि बोट ओळीच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं.

"ओळ इथे आहे, बाबा."

आवाज थांबला.

"कधी कळलं?"

"आत्ताच."

"बोलली नाहीस."

"काय बोलायचं?"

"तुला माहीत आहे काय बोलायचं ते." त्यांनी बोट उचललं नाही. "उद्या पुस्तक घेऊनच यायचं ठरवलं होतं मी."

"पुढच्या शनिवारी जाऊ. नाहीतर त्याच्या पुढच्या."

मग त्यांचं बोट हललं, एका अक्षराएवढंच.

"एक, तीन, चार. म," ते म्हणाले. दम खाऊन पुढच्या अक्षरावर गेले, आणि तिथेच थांबून, मान वर न करता, हळू बोलू लागले. "तुला अक्षरं धरून ठेवावी लागायची. सुटली की सांडायची. तेव्हाही दिसत होतं मला. पण गुरुजींचीच पोर बोट ठेवून वाचते, याची लाज वाटली. तुझी नाही, माझी वाटली. बोट राहू द्यायला हवं होतं, बाळ."