लंबूदादांची कंबर आणि मी

मित्रांनो, खुर्चीने कसं एका जागी निवांत असावं, असं तुम्हाला वाटत असेल. मला ते कधी जमलंच नाही! मी सलूनमधली जुनी खुर्ची. मी गरगर फिरते, माझी पाठ मागे कलते आणि माझ्या पोटात तेलाचा एक पंप आहे. पायाजवळचा दांडा दाबला की मी हळूहळू वर चढते. कारखान्यातून निघाले तेव्हा मला त्या दांड्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! पण दुकानात आले आणि तो तोरा पार उतरला.

मला घेणारे मोठे मालक होते बुटके. त्यांनी मला पार खालपर्यंत उतरवलं. त्यांचे हात गिऱ्हाइकाच्या डोक्याशी नीट पोचले, तसे ते खुशीत म्हणाले, "बस्स, आता हिला कोणी हलवायचं नाही." चुकून कोणाचा पाय लागू नये म्हणून त्यांनी दांडा कापडी पट्टीने करकचून बांधून टाकला. त्यांचा हात इतका हलका की दाढी करता करता माणसं माझ्यावर घोरू लागत. माझंही कौतुक व्हायचं. रोज दुकान बंद करताना ते माझं कातडं पुसत, अगदी मायेनं.

मोठे मालक वारले आणि दुकान मुलाच्या हाती आलं. हा मुलगा म्हणजे ताडमाड उंच! सारी गल्ली त्याला लंबूदादा म्हणते. दादांचा हात बापासारखाच हलका. पण दांड्याची पट्टी त्यांनी काही सोडली नाही. एकदा एक लांब पायांचं गिऱ्हाईक कुरकुरलं, "अहो, गुडघे हनुवटीला लागायला आले, जरा वर घ्या की!" तर दादा म्हणाले, "बाबांनी लावलेली उंची आहे ती. राहू द्या."

मग काय विचारता! सकाळपासून दादा आपले माझ्यावर वाकलेले. मी खालून त्यांचा चेहरा बघायची. कात्री चालू असायची आणि ओठ दाताखाली असायचा. मला ओरडून सांगावंसं वाटे, "अहो, मला वर घ्या!" पण खुर्चीचं कोण ऐकतंय? फार तर मी करकरायची, की दादा मला तेल घालायचे.

आणि एक दिवस खाली पडलेला कंगवा उचलायला दादा वाकले, ते तसेच राहिले. शेजारच्या दुकानदाराने धरून घरी नेलं. दादा अंथरुणाला खिळले आणि दुकानाला कुलूप लागलं. अंधारात मी एकटी नुसती तळमळत होते. कळ थांबल्यावर दादा परत आले, तर साचलेली सगळी गिऱ्हाइकं एका दमात उरकायला निघाले. पुन्हा कंबर धरली. पुन्हा अंथरूण, पुन्हा घाई, पुन्हा कळ. हे चक्र काही थांबेना.

गिऱ्हाइकांच्या सल्ल्यांना तर ऊत आला. एक म्हणे जमिनीवर झोपा, दुसरा म्हणे जमीन सोडा नि जाड गादी घ्या. दादांनी मलम चोळून पाहिलं, पट्टा बांधून पाहिला. शेवटी ते फोनवर कोणाला तरी म्हणाले, "खुर्ची बघून जा एकदा. दुकान बंद करतोय. माझी कंबर गेली कामातून." या कामाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं. माझ्या तर पोटातलं तेलच गोठलं.

त्याच आठवड्यात एक फिजिओथेरपिस्ट ताई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दाढीला घेऊन आल्या. आजोबा मोठ्या मालकांच्या वेळचे. ताई बाकावर बसून दादांचं वाकणं बघत होत्या.

"पायाला मुंग्या येतात का? पाय लुळा पडल्यासारखा होतो? लघवीला काही त्रास?" त्यांनी विचारलं.

"तसलं काही नाही, ताई. कंबरच झिजलीय."

ताईंनी त्यांना वाकवून, वळवून, टाचांवर चालवून पाहिलं. म्हणाल्या, "मला काही मोडल्यासारखं दिसत नाही. दिवसभर एकाच बाजूला वाकता, मग ती बिचारी चिडते. चिडली की तुम्ही झोपून राहता, ती अशक्त होते. जरा बरं वाटलं की तिच्यावर डोंगर टाकता. आणि ही खुर्ची वर होत नाही का हो?"

"होते. पण बाबांनी..." दादा अडखळले आणि मग चिडूनच म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही."

तोंडाला साबण फासलेले आजोबा माझ्यावरून म्हणाले, "अरे वेड्या, तुझ्या बापानं ती उंची स्वतःच्या कंबरेसाठी लावली होती. तुला असं कण्हताना बघितलं असतं, तर त्यानंच ती पट्टी फाडली असती."

दादांनी डोळे पुसले, कात्री घेतली आणि पट्टी कापली. दांडा दाबला. मी कण्हत, कुंथत, आजोबांसकट वर आले! दादा कितीतरी वर्षांनी सरळ उभे राहून दाढी करत होते. मला तर गरगर फिरावंसं वाटलं.

पण मित्रांनो, जादू झाली असं समजू नका. ताईंनी व्यायाम शिकवले, रोज चालायला सांगितलं, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये फेरी मारायला लावली. दादा कुरकुरत का होईना, करत राहिले. आणि एका सकाळी कंबर पुन्हा धरलीच. मी घाबरून गेले. नेमका त्याच दिवशी मला न्यायला तो फोनवरचा माणूस हजर!

दादांची बायको, आमच्या मालकीणबाई, दारात उभ्या होत्या. दादा कंबरेवर हात ठेवून दुकानात सावकाश फेऱ्या मारत होते. "दुखतंय ना? मग देऊन टाका आता," तो माणूस म्हणाला.

"दुखतंय," दादा म्हणाले. "उद्याही दुखेल कदाचित. आज निम्मंच काम करीन. पण खुर्ची द्यायची नाही." आणि त्यांनी पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मालकीणबाई पदराने डोळे टिपत घरी गेल्या.

मुलांनो, माझ्यावर बसून मोबाईलवर वाकलेल्या तुमच्या माना मी रोज बघते आणि माझा जीव कासावीस होतो. दुखलं तर लपवू नका, घरात सांगा. आणि हे वाचायला बसून तुम्हाला बराच वेळ झाला आहे. मी स्वतः खुर्ची असून सांगते, उठा बघू आता!