गुलाबी जिग आणि दोन मिशा

आमच्या यांनी शामरावांशी मिशीची पैज लावली, आणि मी तीन दिवस हसत होते. दोघेही स्टील प्लांटातून रिटायर, दोघांच्याही मिशा लग्नाआधीच्या. रविवारी तलावावर स्वतःच्या हाताने बनवलेल्या जिगवर ज्याला मरळ मासा लागणार नाही, त्याने मिशी काढायची. हे मात्र हसले नाहीत. छत्तीस वर्षांत माझ्या एकाही विनोदावर हसले नाहीत, घुमे कुठले.

जिग म्हणजे शिशाचं डोकं बसवलेला गळ. यांनी शिसं ओतून चार जिगा केल्या आणि जवळच्या कुम्हारी गावातल्या एका कपाटांच्या कारखान्यातून गुलाबी पावडर पेंट आणला. डोकं तापवून पावडरीत बुडवलं, की रंग वितळून चिकटतो. शनिवारी अंगणात गॅसचा टॉर्च पेटला.

"थांब, लाल होऊ दे," हे म्हणाले.

बत्तीस वर्षं फर्नेसवर काढलेला माणूस. लाल झाल्याशिवाय काही तापलं असं त्यांना वाटतच नाही. पण शिसं म्हणजे लोखंड नव्हे. डोकं टपकन फरशीवर पडलं, पक्कडीत नुसता गळ उरला. दुसरंही तसंच गेलं. तिसऱ्याला मला हसून हसून ठसका लागला.

"कावून हसून राहिली?"

"द्या इकडं. मले पापड भाजता येते."

उरलेली एकुलती जिग मी ज्योतीवर दुरूनच फिरवली, पापडासारखी, आणि पावडरीत बुडवली. अशी चकचकीत गुलाबी निघाली की साठाव्या वर्षी मी उडी मारली. मग भंगारातून आणलेल्या ओव्हनमध्ये तिचा रंग पक्का केला.

रविवारी शामरावांच्या हिरव्या जिगला दुपारपर्यंत नुसतं शेवाळ लागलं. आमच्या गुलाबीला हातभर मरळ लागली. मी काठावर नाचले.

तेवढ्यात यांनी घसा खाकरला. "शामराव, रंग इनं लावला. माह्या हातची नाही ते जिग."

यांना तलावात ढकलावंसं वाटलं मला.

"मंग आपण दोघंही हरलो," शामराव म्हणाले. "वहिनी जिंकल्या."

संध्याकाळी दोघे न्हाव्याकडे शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसून मिशा काढून आले. मी दार उघडलं, यांच्याकडे पाहिलं आणि वहिनी जिंकल्याचा विनोद केला. यांचा चेहरा तसाच, गंभीर. फक्त वरचा ओठ डावीकडे थरथरत वर गेला आणि घाईने खाली आला.

म्हणजे हा माणूस छत्तीस वर्षं हसत होता, मिशीखाली. माझे डोळेच भरून आले.

"आता वाढवू नका," मी म्हटलं, आणि लगेच दुसरा विनोद सांगितला.