वेगळं मीटर

श्रीमंत आणि ओंकार हे सख्खे भाऊ पाथर्डी रस्त्यावरच्या एका कॉलनीत, एकाच घराच्या दोन भागांत राहत होते. वडील गेल्यावर घर दोघांच्या नावावर झालं, चुली वेगळ्या झाल्या. पाण्याची टाकी मात्र एकच राहिली. मग कॉलनीच्या पाणी योजनेनं घरोघरी मीटर बसवलं, या दोघांत मिळून एकच, आणि आधीच कमी झालेलं बोलणं बिलावर येऊन अडलं.

ओंकारची बायको मोनिका काचा पुसायची कामं घ्यायची. शहरातली शोरूम, दवाखाने, नवे फ्लॅट. स्कूटीच्या पुढ्यात पाण्याचे कॅन आणि काच पुसायचा वायपर ठेवून ती निघायची. पाणी घरून न्यावं लागे, कारण बऱ्याच इमारतींत बोअरचं पाणी असायचं आणि ते वाळलं की काचेवर पांढरे डाग राहायचे. आल्यावर मळलेली फडकी अंगणात धुवायची. हे सगळं तिची मोठी जाऊ, श्रीमंतची बायको आरती, ओट्यावरून बघत असे.

पहिलं मोठं बिल आलं तेव्हा आरतीनं ते शेजारणींच्या देखत मोनिकाच्या पुढं टाकलं. आम्ही पाणी पितो, तू धंदा करतेस, तेव्हा सगळं तूच भर, असं ती म्हणाली. भाऊजी दर रविवारी प्रवासी जीप पाइपानं धुतात, त्याचं काय, असं मोनिकानं विचारलं. जीपवर आमचं घर चालतं, असं उत्तर आलं. तिच्या वायपरवर कुणाचं घर चालत होतं, ते कुणी विचारलं नाही.

तरी मोनिकानं जास्तीचा वाटा कबूल केला आणि पाणी जपायला लागली. फडकी नळाखाली धरणं बंद केलं. एका बादलीत भिजवायची, दुसरीत खळबळायची, आणि ते गढूळ पाणी संडासाला वापरायची. एका शोरूमच्या मॅनेजरला विचारून तिनं एसीच्या नळीखाली कॅन ठेवला. ते पाणी काचेला फार चांगलं निघालं, डागच पडत नव्हते. घरून भरून न्यायचे कॅन निम्म्यावर आले.

पुढचं बिल आधीपेक्षा मोठं आलं.

आता आरती तिला उघड चोर म्हणायला लागली. श्रीमंतनं टाकीवरून ओंकारच्या घराकडं जाणाऱ्या पाइपाच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. सकाळी थोडा वेळ उघडायचा, मग किल्ली खिशात. साबणात भिजवलेली फडकी तशीच बादलीत कुबट होऊन जायची. मोनिका ओंकारला म्हणाली, तुम्ही एकदा तरी बोला. त्यानं मान खाली घातली. दादाच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, असं तो पुटपुटला. त्या दिवशी तिला जावेपेक्षा नवऱ्याचा जास्त राग आला.

तिनं वेगळ्या नळासाठी अर्ज केला. श्रीमंतनं सही नाकारली, पण अर्धं घर ओंकारच्या नावावर असल्यानं काम अडलं नाही. रस्त्यावरून नवा पाइप आला, तिच्या भिंतीवर तिचं मीटर बसलं. पहिलं बिल इतकं कमी आलं की तिनं ते दोनदा वाचलं.

श्रीमंतचं बिल मात्र काडीमात्र कमी झालं नाही. त्यानं त्याचा अर्थ लावला. रविवारी सकाळी तो कुदळ घेऊन मोनिकाच्या भिंतीपाशी आला आणि सरळ खणायला लागला. हिनं जमिनीतून आपल्या लाईनीला चोरून जोड दिलाय, असं आरती ओट्यावरून गल्लीला ऐकवत होती. तिथं माझाच पाइप आहे, जपून, असं मोनिकानं सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या घावाला तो पाइप फुटला. पाणी उसळून श्रीमंतच्या तोंडावर आलं.

"सापडला बघ जोड," तो म्हणाला.

ओंकार घरातून बाहेर आला. त्यानं आधी आपल्या नळाचा रस्त्याजवळचा कॉक बंद केला, मग भावाच्या हातातल्या कुदळीचा दांडा धरला.

"दादा, कुदळ सोड."

"बायकूच्या नादी लागून मला शिकवतो व्हय?"

"हा पाइप माझ्या मीटरचा हाय. डोळ्यानं बघ कुठं जातोय. आन् आता तुझ्या घरातले नळ बंद कर, टाकीचा बी कॉक बंद कर, मग तुझं मीटर बघू."

श्रीमंत हलला नाही. ओंकारनं स्वतः जाऊन सगळं बंद केलं. तरी श्रीमंतच्या मीटरमधलं चाक फिरतच होतं. शेजारचे दोघं कुंपणाशी येऊन बघत होते. टाकीकडं जाणारा जुना पाइप जीपखालून गेला होता. ओंकारनं जीप ढकलून मागं घेतली आणि ती उभी राहायची तिथल्या फरश्या काढल्या. खाली नुसता चिखल होता. चाकांच्या वजनानं जुना पाइप चेपून तडकला होता आणि पाणी कित्येक महिने जमिनीत जिरत होतं.

ओट्यावरून आरती म्हणाली, "एवढं ठाऊक हुतं तर आधी सांगायला काय झालं हुतं?"

मोनिकानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. श्रीमंत कुदळ उचलून निघाला होता, त्याच्यासमोर ती उभी राहिली.

"भाऊजी, माझा पाइप जोडून द्या. मग जा."

त्यानं ओंकारकडं पाहिलं. ओंकार बाजूला झाला नाही. श्रीमंतनं दुकानातून जोड आणला आणि चिखलात बसून पाइप बसवला. पाणी सुरू झालेलं पाहून मोनिका घरात गेली. आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. चूक सगळ्यांना दिसली होती, पण तू चोर नव्हतीस, एवढं म्हणायला कुणाची जीभ वळली नव्हती.

त्या महिन्यातच श्रीमंतनं अंगणात मधोमध भिंत घातली.

उन्हाळ्यात पाथर्डीला नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत आरतीच्या मावशीनं मोनिकाला पाहिलं आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, तुमच्या पाण्याच्या चोरीचं मिटलं का? आरती शेजारीच वाढत होती. मोनिका तिच्या उत्तराची वाट बघत थांबली.

"मिटलं ते," आरती म्हणाली आणि पुढच्या पानाकडं वळली.

"मिटलं न्हाई," मोनिका म्हणाली. "पाइप तुमचाच फुटला हुता, ताई. चोर मला म्हणलात. ते अजून तसंच हाय."

आरती भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली, मग आत निघून गेली. मोनिका पूर्ण जेवली, हात धुतला आणि ओंकारला म्हणाली, चला, उद्या सकाळी दवाखान्याच्या काचा आहेत.