मेव्हण्यावर विसंबू नये

सुनेने ‘आठवलं नाही’ हे बटण दाबलं आणि लॅपटॉपमधल्या मास्तरांनी न चिडता सांगितलं, प्रश्नाचं हे कार्ड उद्या पुन्हा येईल. पाठ झालेलं कार्ड आठवड्याने येई, मग महिन्याने; अडलेलं रोज. मास्तर एआय होते म्हणून चिडत नव्हते.

शिकायचा होता तिच्या पाणीखात्याचा, शहरातले व्हॉल्व्ह उघडबंद करणारा प्रोग्रॅम. तो सासऱ्यांनी निवृत्तीआधी लिहिलेला, आणि त्यातल्या प्रत्येक भागाला त्यांनी एकेका नातेवाइकाचं नाव दिलेलं. शनिवारी त्यातलं निरुपयोगी तेवढं काढून तिने साहेबांना दाखवायचं होतं. जमलं तर प्रोग्रॅम तिच्या हाती, नाहीतर बाहेरच्या कंपनीच्या. सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती. माझ्याशिवाय तो कुणाच्या बापाला कळायचा नाही, असं म्हणताना त्यांच्या मिशा अशा फुगत की पंख्यात अडकतील की काय वाटे.

मास्तर मोठ्याने उजळणी घेत होते. आत्या म्हणजे कारण नसताना ओरडणारा गजर. मेव्हणा जो आकडा देईल त्यावर विसंबू नये, दोनदा तपासावा.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मेव्हणा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ.

"आणि मी कुठे आहे त्यात?"

सासरे वर्तमानपत्रात बुडाले ते वर येईनात. सुनेने शोधलं. साडू सापडला, चुलतसासरे सापडले, सासूबाई काही सापडल्या नाहीत. पुढे चार दिवस सासऱ्यांचा चहा बिनसाखरेचा आला.

सुनेचं रोज अडणारं कार्ड एकच, ‘अगं’. हा भाग प्रोग्रॅमभर पसरलेला होता आणि करत काहीच नव्हता. हाक मारायची, थांबायचं, पुढे जायचं. मास्तरांच्या मते तो काढून टाकण्याजोगा. उत्तर तिला पाठ होतं, पटत नव्हतं; म्हणून ती मुद्दाम ‘आठवलं नाही’ दाबत राहिली.

शुक्रवारी सासरे बाहेर निघाले. दाराशी एक पाय चपलेत घालून त्यांनी हाक मारली, "अगं."

आतून उत्तर येईना. सासरे बगळ्यासारखे उभे. बऱ्याच वेळाने "काय?" आलं, तेव्हा दुसरा पाय चपलेत गेला. सांगायचं काहीच नव्हतं. ते निघून गेले.

सून धावतच लॅपटॉपपाशी गेली.

शनिवारी साहेबांनी नेमकं ‘अगं’वरच बोट ठेवलं. हे का नाही काढलंत? ‘अगं’ ज्या मुख्य टाकीला हाक मारी, तिचं उत्तर तिने चाचणीच्या प्रतीत बंद केलं. शहरातला एकही व्हॉल्व्ह जागचा हलेना. इतकी वर्षं उत्तर चुकलंच नव्हतं, म्हणून तो भाग निरुपयोगी दिसत होता. प्रोग्रॅम तिच्याकडे आला.

संध्याकाळी ओट्यापाशी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ताट पुसत ऐकत होत्या.

"आणि मी ओ दिलीच नाही तर?"

"तर पाणी थांबेल, आई."

बाहेरून हाक आली. सासूबाईंनी ताट उलटं केलं आणि मागची बाजू सावकाश पुसायला घेतली.