चार नंबरचा पट्टा

"सहा," सुबोध म्हणाला आणि हातातला कागद त्यानं टेबलावर उलटा ठेवला.

"दहातल्या?"

"दहातल्या."

मालन गवईला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण सुबोध थट्टा करणाऱ्यातला नव्हता. तीन वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून लागला तेव्हापासून तो मान खाली घालून काम करायचा आणि अडलेली गोष्ट सुटेपर्यंत जेवायलाही उठायचा नाही.

मुलुंडच्या त्या औषध कारखान्यात मालन सत्तावीस वर्षं एकच काम करत आली होती. इंजेक्शनच्या बाटल्या डोळ्यांनी तपासायच्या. समोर दिवा, मागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा फळा, आणि पट्ट्यावरून दर दोन सेकंदांना एक बाटली सरकत येणार. काचेचा कण, धाग्याचं टोक, काहीही दिसलं की बाटली बाजूला काढायची. वर्षातून एकदा तपासणाऱ्या बायकांचीच परीक्षा होई. शंभर बाटल्यांत दहा खराब बाटल्या मिसळलेल्या असत आणि मालनला दरवर्षी दहाच्या दहा सापडत. नव्या मुलींना ती हे ऐकवत असे, कुणी विचारलं नाही तरी. आज चार नंबरच्या पट्ट्यावर मात्र तिला सहाच सापडल्या होत्या.

"सकाळीच डोळे तपासून झालेत माझे," ती म्हणाली. "नंबर तोच आहे. मग?"

"म्हणून तर कोडं आहे, ताई. तुम्ही दोन नंबरच्या पट्ट्यावर बसा. बाटल्यांची जागा बदलतो, परत घेऊ."

दोन नंबरवर दहा सापडल्या. पुन्हा चार नंबरवर बसवलं तर पाच. मालननं चष्मा काढून पदरानं पुसला. सुबोधनं मात्र तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मोबाइल काढून चार नंबरच्या पट्ट्याचं शूटिंग केलं आणि ते अगदी सावकाश चालवून तिच्यापुढे धरलं.

"हे बघा. दोन सेकंदांनी येणारी बाटली कधी जरा आधी येतेय, कधी जरा उशिरा. मिनिटाला तीसच जातात, म्हणून मोजून कळत नाही. चाकाचा दात झिजला असणार. पट्टा दचकतोय."

"एवढ्याशा फरकानं काय होतं रे?"

"बरंच होतं. एकसारख्या ठेक्यात बाटल्या आल्या की पुढची कधी येणार हे मेंदूला आधीच कळलेलं असतं. नेमक्या त्या क्षणाला तो सावध होतो, म्हणून लवकर दिसतं. ठेका मोडला की त्याची तयारी एका वेळी आणि बाटली दुसऱ्याच वेळी. डोळे चांगले असले तरी मेंदूला उशीर होतो, आणि आपल्याकडे वेळ असतो दोन सेकंदांचा." त्यानं कागद फाडून टाकला. "ही टेस्ट मी धरत नाही. तुमचा काही दोष नाही, ताई."

मालनला हायसं वाटलं, ते घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. मग 'दचकतोय' हा शब्द तिच्या कानात परत वाजला आणि तिचा चेहरा उतरला.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी याच पट्ट्यावरून श्वेता परबनं मागे वळून हाक मारली होती, "मालनताई, पट्टा दचकतोय ना." श्वेता तेवीस वर्षांची, कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं. मालन तेव्हा दोन नंबरवर चहा पीत बसली होती. पाळी सुरू होताना प्रत्येक पट्ट्यावर मिनिटभर बसून तो नीट चालतोय का ते पाहायचं आणि मगच वहीत सही करायची, हे काम तिचं होतं. त्या दिवशी तिनं एका जागी बसून चारही सह्या ठोकल्या होत्या. खरं सांगायचं तर रोजच ठोकत होती.

"पट्टा नाही दचकत, तुझं लक्ष दचकतंय. मोबाइल कमी बघ," ती म्हणाली होती. सगळ्या बायका हसल्या होत्या आणि मालनला आपल्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं.

महिन्याभरानं एका हॉस्पिटलातून तीन बाटल्या परत आल्या. आत काचेचे कण होते. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून ते औषध कुणाला टोचलं गेलं नाही. त्या बाटल्या चार नंबरवरून गेल्या त्या पाळीला तिथं श्वेता होती. चौकशीत साहेबांनी मालनला विचारलं, "पट्टा ठीक होता?" तिनं वहीतली सही दाखवली. श्वेताला काढलं, तिच्या जागी कुणाला घेतलं नाही, आणि चार नंबर बंदच राहिला तो आज परीक्षेसाठी उघडला.

मालनला सुबोधच्या डोळ्याला डोळा देववेना. तिनं कोरा कागद मागितला.

तिनं काय लिहिलं ते वाचून सुबोध म्हणाला, "ताई, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुमची. हे दिलंत तर तुमचीच चौकशी लागेल."

"लागू दे. त्या पोरीची लागली तेव्हा मी बाजूलाच उभी होते."

संध्याकाळी ती घाटकोपरला उतरून रिक्षानं श्वेताच्या बिल्डिंगपाशी गेली. खालीच इस्त्रीचं दुकान होतं आणि तिथं श्वेता कपड्यांना चिठ्ठ्या टाचत उभी होती. मालननं आडवळण न घेता सगळं सांगितलं. पट्टा खराब होता, मी बघितला नव्हता, आणि सही माझी खोटी होती.

श्वेता चिठ्ठ्या टाचत राहिली. मान वर न करता म्हणाली, "मी दोन डॉक्टर केले, माहितीय? दोघं बोलले, डोळे एकदम झकास आहेत. मग मी समजले, डोळे चांगले आणि तरी दिसलं नाही, म्हणजे मीच बिनकामाची. पार्लरचा कोर्स सोडला मी. कुणाच्या भुवया करायला हात लावायची भीती वाटायची."

"मी लिहून दिलंय गं. तुला परत घेतील."

"ते बघू नंतर. मला इथं काय सांगता? वर चला. पप्पांना सांगा."

चार जिने चढून मालनला धाप लागली. श्वेताचे वडील धोंडू परब खाटेवर बसले होते. गिरणी बंद पडेपर्यंत ते कापडाच्या मागावर कामाला होते. आता ऐकू कमी येई, पण नजर कडक होती. श्वेतानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मालननं तो घेतला नाही. आधी सगळं सांगितलं, उभ्यानंच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आमचो माग अडखळलो तर आम्ही पयलो मागाक बघू. माणसाक मागसून." ते रागानं बोलले नाहीत, आणि तेच मालनला जास्त लागलं. "म्हंजे माझ्या चेडवाची चूक नाय?"

"नाही, काका. चूक माझी होती."

"ह्यो आख्खो मजलो बोलता, परबाच्या चेडवान औषधात काच जावक दिली. सहा म्हयने मी दार लावन बसतंय." ते हाताचा आधार घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि त्यांनी दार सताड उघडलं. बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये बायका भाजी निवडत होत्या, कुणी फोनवर बोलत होतं. "आता हय उभी रवान सांगा. जरा मोठ्यान. लोकांका ऐकाक येवक व्हया."

मालननं श्वेताकडे पाहिलं. श्वेता 'राहू द्या' म्हणेल असं तिला क्षणभर वाटलं. श्वेतानं बाजूला होऊन तिला दाराकडे वाट करून दिली.

मालन उंबऱ्याबाहेर आली. पदर सारखा करून तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली. मधेच तिचा आवाज बसला तेव्हा आतून म्हातारा म्हणाला, "मोठ्यान." तिनं ते वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हटलं. पॅसेजमधली दारं एकेक करून उघडत गेली.